लदेणीचा पहिला पट

मी एक पट बोलतोय. सोंगट्या मांडून, फासे टाकून ज्याच्यावर खेळतात, तो पट. दुकानात चकचकीत डब्यातून मिळतात, त्यांतला मी नव्हे. माझे कोपरे बोथट झालेत, मधल्या घडीवर चिकटपट्टीचे थर चढलेत आणि डाव्या अंगाला एक पांढरट डाग आहे. कशाचा, ते ओघात येईलच.

माझा जन्म पुसदला, इंद्रजीत राठोडच्या फ्लेक्सच्या दुकानात झाला. फ्लेक्सचे रोल ज्या खोक्यांतून येतात, त्या खोक्याचा जाड पुठ्ठा म्हणजे माझं अंग. मोटारसायकलींवर नावं चिकटवायला जे रंगीत रेडियम लागतं, त्याची कातरणं इंद्रजीत फेकत नसे. निळ्या कातरणांच्या माझ्या नद्या झाल्या, हिरव्यांची रानं झाली आणि लाल ठिपक्यांचे मुक्काम झाले. वाढदिवसांचे आणि स्वागतांचे बॅनर छापून झाले, गिऱ्हाईक ओसरलं, की तो मला टेबलावर पसरून बसायचा. एखादी नदी खरवडून काढायचा आणि दुसरीकडे चिकटवायचा. मला गुदगुल्या व्हायच्या, पण मी कधी कुरकुरलो नाही. आपल्यासाठी कुणी इतका वेळ देतंय, याचंच अप्रूप होतं.

इंद्रजीतचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. त्या फिरण्याला त्याचे लोक लदेणी म्हणतात. आता तांड्यावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, सगळ्यांची कापसाची, सोयाबीनची शेती आहे आणि बैलसुद्धा थोड्याच दावणींना उरलेत. पण इंद्रजीतनं लहानपणी ऐकलेल्या गोष्टी त्याच्या डोक्यातून गेल्या नव्हत्या. त्याला त्यांचा खेळ करायचा होता. प्रत्येक खेळणाऱ्याचा एक तांडा. समुद्राकाठी बैलांवर मिठाच्या गोण्या लादायच्या आणि वऱ्हाडातल्या बाजारापर्यंत पोचवायच्या. वाटेत पाणवठे. पाणी थोडं, बैल फार. खेळाचं नाव ‘लदेणी’.

बैल म्हणून शर्टाची बटणं होती. गोण्या मात्र त्याच्या आईनं, धनीबाईनं शिवल्या. बोटाच्या पेराएवढ्या चिमुकल्या पिशव्या, तोंडाला लाल दोरा. आत काय भरावं, असा प्रश्न आला तेव्हा ती म्हणाली, “मिठाच्या गोन्या हायेत न? मंग मीठच भर.” आणि तिनं खरंच जाडं मीठ भरलं.

“याडी, पावसाळ्यात पाझरंल न ते,” इंद्रजीत म्हणाला. याडी म्हणजे आई.

“पाझरू दे. खऱ्या गोन्याबी पाझरत व्हत्या.”

इंद्रजीतनं मला सगळ्यात आधी ज्याला दाखवायचं ठरवलं, तो कपिल. दोघं शाळेत असताना एकाच वसतिगृहात राहिलेले, एकाच ताटात जेवलेले. कपिल आता पुसदच्याच एका शाळेत गणित शिकवतो. बायको वैष्णवी पतसंस्थेत काम करते. आई विमलताई महागावकडचं शेत बटाईनं कसायला देऊन त्यांच्याकडे राहायला आली आहे. या घरात दर रविवारी दुपारी खेळांची बैठक बसायची. सतरंजी, पोह्यांचं ताट, आणि देशोदेशीचे पट. एके काळी खोलीत पाय ठेवायला जागा नसायची म्हणे. मी तिथं गेलो तेव्हा मात्र घरचीच तीन माणसं होती.

याचं कारण मला वैष्णवीच्या बोलण्यातून कळलं. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीनं एका मोठ्या खेळासाठी क्राउडफंडिंग काढलं होतं. खेळ छापून व्हायच्या आधीच लोकांनी इंटरनेटवर पैसे भरायचे. पुरेसे जमले की कंपनी खेळ बनवणार आणि भरणाऱ्यांना घरपोच पाठवणार. चित्रं अशी, की बघतच राहावं. कपिल भारावला. त्यानं स्वतः पैसे भरले आणि बैठकीतल्या सगळ्यांना भरायला लावले. मग कंपनीकडून आधी महिन्याला निरोप यायचा, नंतर सहा महिन्यांनी, नंतर काहीच नाही. खेळ आला नाही. मित्र भांडले नाहीत, पण चिडवायला लागले. “मास्तर, जहाज लागलं का बंदरात?” कपिलला ते हसून सोडता येईना. त्याचा चुलतभाऊ नयन तर रविवारी यायचाच थांबला. हळूहळू बाकीचेही थांबले.

आणि इंद्रजीतला आता नेमकं तेच करायचं होतं. ‘लदेणी’साठी क्राउडफंडिंग.

विमलताईनं विचारलं, “म्हंजे गनपतीच्या वर्गनीवानीच न?”

“गनपतीची मूर्ती निदान दहा दिवस डोयानं दिसते, आई,” कपिल म्हणाला. “इथं पयले वर्गनी आन मूर्ती मंग कधीतरी.”

त्या दुपारी ते माझ्यावर तीन डाव खेळले. नियम इंद्रजीत सांगत होता. मधेमधे उठून दुसऱ्यांच्या बैलांना हातही लावत होता. “नाई नाई, इथून नाई जाता येत, हे सांगाचं राह्यलं.” कपिल आपल्या चाली खेळत राहिला. पटावर वाकलेल्या माणसाचा चेहरा मला अगदी जवळून दिसतो. कपिलच्या चेहऱ्यावर खेळाचा आनंद नव्हता. तो काहीतरी तपासत होता आणि त्याला आपल्याच तपासण्याची लाज वाटत होती.

शेवटी इंद्रजीतनं मोबाईल काढून आपल्या मोहिमेचा मजकूर दाखवला. पितळेचे ओतीव बैल. आरसे लावलेली कापडी पेटी. चार महिन्यांत घरपोच.

“हे बैल कोन ओतनार?” कपिलनं विचारलं.

“भेटंल कोनीतरी. पैसे जमू दे न आधी.”

“कोनाले इचारलं?”

“अजून नाई.”

“छापनार कोन?”

“अरे, तू पोलीस आहेस का? तू लोकायले सांगशील, तुया शब्दावर चार जन येतीन, म्हनून तुयाकडे आलो मी.”

कपिलनं माझ्या निळ्या नदीवर बोट ठेवलं. “इंद्रा, तीन डाव झाले. तिन्ही डाव जो नदीवर पयले पोचला तोच जिंकला. मांगच्याले काही कामच उरत नाही, तो नुसता बसून राह्यते. आन तू बाजूले नसला त हा खेळ कोनालेच खेळता येत नाई. मी पैसे नाई देऊन राह्यलो. आन दुसऱ्याले द्या म्हनूनबी नाई सांगनार.”

“त्या फिरंग्यायले त न पाहता दिले होते!”

“म्हनूनच.”

“मंग दोस्ती कायची?”

इंद्रजीत उठला, चप्पल घातली आणि तडक निघून गेला. रागाच्या भरात मला तिथंच विसरला.

वैष्णवीनं पोह्यांच्या रिकाम्या ताटल्या उचलल्या. “अहो, थोडं गोड बोलून नसतं का सांगता आलं?”

“गोड बोललो असतो त त्याले हो वाटलं असतं,” कपिल म्हणाला. पण त्या संध्याकाळी तो जेवला नाही.

माझी घडी करून मला कपाटाच्या माथ्यावर ठेवण्यात आलं. एका बाजूला मोडका आकाशकंदील, दुसऱ्या बाजूला पाहुण्यांच्या चादरी. माझ्या पोटात बटणांचे बैल आणि मिठाच्या गोण्या. रविवार यायचे आणि जायचे. कपिल सतरंजी टाकायचा, कुणी येणार नाही हे कळलं की पुन्हा गुंडाळायचा. माझ्याकडे वर बघायचा नाही. इंद्रजीतचा फोनही आला नाही. मी अर्धवट आहे, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं होतं. तोवर माझ्याकडे फक्त प्रेमानंच पाहिलं गेलं होतं. खरं सांगतो, मला कपिलचा राग आला होता. एवढं नाकारण्यापेक्षा थोडे पैसे टाकून मोकळा झाला असता तर काय बिघडलं असतं, असं वाटायचं.

श्रावण लागला. हवा दमट झाली आणि धनीबाईचं मीठ पाझरायला लागलं. एका सकाळी कपाटाच्या दारावरून खारट पाण्याचा ओघळ खाली आलेला वैष्णवीला दिसला. तिनं स्टूलवर चढून मला काढलं. माझी डावी बाजू भिजून फुगली होती. तोच हा डाग.

तिनं मला पुसलं, पंख्याखाली वाळत ठेवलं, पिशव्या उसवून मीठ काढलं आणि ज्वारी भरली. मग माझ्यासोबतचा नियमांचा कागद तिच्या हाती लागला. सुट्टीचा दिवस होता, कपिल शाळेच्या कामाला गेला होता. ती विमलताईला म्हणाली, “आई, या, खेळून पाहू. समजावून सांगणारं कोणी नसलं तर जमते का पाहू.”

जमलं नाही. पाणवठ्यावरच दोघी अडल्या. कागदावर लिहिलं होतं, ‘पाणी संपल्यास थांबावे.’

“थांबावे म्हंजे कुठलोक?” विमलताई म्हणाली. “मी काय जलमभर बैल घेऊन उभी राहू?”

वैष्णवी हसत सुटली. हसता हसताच तिनं इंद्रजीतला फोन लावला. “भाऊजी, आम्ही तुमच्या नदीवर येऊन फसलो. पाणी संपल्यावर काय करायचं?”

पलीकडून इंद्रजीतनं विचारलं, “कोन खेळून राह्यलं, वहिनी?”

“मी आन आई.”

“थांबा. येतो.”

तो आला, तेव्हा धनीबाईही सोबत होती. बाजाराला म्हणून तांड्यावरून आली होती. विमलताईनं तिला सतरंजीवर आपल्याजवळ बसवून घेतलं. चौथा भिडू मिळाला म्हणून डाव नव्यानं मांडला गेला. वैष्णवीनं एकच अट घातली: “भाऊजी, तुम्ही खेळा, पण सांगू नका. आम्ही चुकलो तर चुकू द्या.”

इंद्रजीतला ते फार जड गेलं. ओठ दाबून, हात मांडीखाली घालून तो बसला होता. कपिल शाळेतून परतला, तो दारातच थबकला. त्याला बघून इंद्रजीतनं मान खाली घातली. कपिलही आत आला नाही; दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

विमलताईचे बैल पाणवठ्यावर सगळ्यांच्या आधी पोचले. पाण्याच्या तीन निळ्या टिकल्या शिल्लक होत्या. नियमानं तिला तिन्ही उचलता येत होत्या. तिनं दोन उचलल्या आणि एक ठेवून दिली.

“काकू, तिन्ही घ्या न,” इंद्रजीतच्या तोंडून निघालंच. “तुम्ही जिंकता.”

“मांगून धनीबाई येऊन राह्यली न. तिचे बैल काय तहानेनं मारू?”

“पन नियमात असं नाई.”

“नसंल. मी ठेवली.”

धनीबाई पुढच्या फेरीत तिथं पोचली. तिनं ती टिकली उचलली, आणि न विचारता आपली एक गोणी विमलताईच्या बैलापुढे सरकवली. “घ्या विमलताई. पान्याच्या बदल्यात मीठ.”

दोघी म्हाताऱ्या खळखळून हसल्या. मग घासाघीस सुरू झाली. वैष्णवी म्हणाली, माझ्यासाठी पाणी ठेवाल तर मी घाटात तुमचे बैल आधी जाऊ देईन. धनीबाई म्हणाली, आधी जाऊ दे, मग पाहू. पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढले, हात एकमेकांत आले, आणि सगळ्यांत मागे असलेल्या माणसालाही बोलायला काहीतरी मिळालं. माझ्या अंगावरून गेलेले आधीचे सगळे डाव मला आठवतात, पण मी खेळ आहे असं मला त्या दुपारी वाटलं.

इंद्रजीत आपली पाळी विसरून बघत होता. हळूच म्हणाला, “पानी राखलं त मांगच्याकडून काही भेटलं पायजे. हाच नियम पायजे. मी नुसती शर्यत केलती.”

दारातून कपिल म्हणाला, “आन जो राखनारच नाई, त्याचं काय?”

“त्याले पुढच्या मुक्कामी कोनी वाट नाई देनार.”

“हां. मंग पयले पोचनं धोक्याचंबी होते.”

एवढं बोलून दोघं थांबले. दोघांनाही एकदमच लक्षात आलं असावं, की आपण बोलतोय.

“चहा घेशील?” कपिलनं विचारलं.

“तू करून राह्यला असशीन त नको.”

विमलताई म्हणाली, “वैष्णवी, टाक वं चहा, नाईतर हे पुन्हा भांडतीन.”

त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात धावपळीचे. माझ्या नद्या पुन्हा खरवडल्या गेल्या, घाट हलले, दोन मुक्काम कायमचे पुसले गेले. कपिल मला शाळेच्या शिक्षकखोलीत घेऊन गेला आणि नियमांचा कागद सहकाऱ्यांपुढे टाकून स्वतः बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. ते कुठे अडले, ते संध्याकाळी इंद्रजीतला सांगायचा. इंद्रजीतनं पितळेचे बैल सोडून दिले. आरशांची पेटी सोडली. सोडताना त्याला वाईट वाटलं, मला दिसत होतं ते. पण नागपूरच्या एका छापखान्यात जाऊन, कागद हातानं चाचपून, त्यानं पुठ्ठ्याचे बैल आणि साधा डबा असा एक नमुना आधी छापून आणला. माझाच धाकटा भाऊ तो. गुळगुळीत, सरळ कोपऱ्यांचा.

मग मोहीम खरोखर सुरू झाली आणि कपिलपुढे पुन्हा तोच प्रश्न आला.

तो मोबाईल हातात घेऊन बसायचा आणि खाली ठेवायचा. वैष्णवीनं विचारलं, “आता काय अडलं? खेळ तर आवडते न तुम्हाला?”

“तोबी आवडलाच होता न, जो आला नाई.”

“त्या कंपनीतलं एक तरी माणूस तुम्ही पाहिलं होतं का?”

कपिल दुसऱ्या दिवशी फ्लेक्सच्या दुकानात आला. मी टेबलावरच होतो. त्यानं इंद्रजीतला एकच गोष्ट विचारली. “समज, नाई झालं. पुरेसे जमले नाई, नाईतर छपाई बिघडली. मंग?”

इंद्रजीत या वेळी चिडला नाही. हातातली कात्री खाली ठेवून म्हणाला, “पुरेसे नाई जमले त सगळ्यायचे वापस जातीन. आन जमून बिघडलं, त जे झालं ते लोकायले तसंच सांगीन. तुले सांगाले मी स्वतः घरी येईन. गप नाई बसनार.”

कपिलनं तिथंच, उभ्या उभ्या, पैसे भरले. भरून झाल्यावर त्यानं इतका मोठा श्वास सोडला की माझ्यावरची कातरणं उडाली. तो म्हणाला, “मी मायापुरते दिले. बाकीच्यायले ‘द्या’ नाई म्हननार. ‘खेळून पाहा’ म्हनीन. द्याचं का नाई, ते त्यायचं त्यायनं ठरवाचं.”

तसंच केलं त्यानं. रविवारची सतरंजी पुन्हा अंथरली आणि जुन्या मित्रांना बोलावलं. बरेच आले. नयनही आला. दोन डाव खेळला, पोटभर हसला आणि जाताना म्हणाला, “खेळ मस्त आहे दादा, पन मी पैसे नाई टाकनार. एकदा पोळलो.”

“नको टाकू,” कपिल म्हणाला. “पुढच्या रविवारी ये मात्र.”

नयन गेल्यावर कपिल स्वतःशीच हसत होता. भाऊ परत आला, हेच त्याला मोठं होतं.

पैसे जमले. गाजावाजा झाला नाही, पण छपाईपुरते जमले. मग ठरलेला महिना आला आणि डबे आले नाहीत. कपिलची झोप उडाली. पण दुकानाचं शटर ओढून इंद्रजीत स्वतः त्याच्या घरी आला आणि छापून आलेला कागद समोर पसरला. माझ्या निळ्या नद्या त्यावर जांभळ्या उतरल्या होत्या.

“वापस पाठवून राह्यलो. उशीर होईन. सगळ्यायले फोटोसकट कळवलं.”

विमलताईनं कागद डोळ्यांजवळ धरला. “वांग्याची भाजी सांडल्यावानी दिसते.”

कपिल हसला. त्या दिवसापासून त्याला उशिराची भीती वाटेनाशी झाली. त्याला भीती गप्प बसण्याची होती, आणि ती गेली होती.

शेवटी एका दुपारी ट्रान्सपोर्टच्या टेम्पोतून खोकी उतरली. मी दुकानाच्या काउंटरवरून पाहत होतो. धनीबाई तांड्यावरून आली होती, कपिल शाळेतून अर्धी सुट्टी टाकून आला होता. इंद्रजीतनं कात्री पुढे केली आणि खोक्याची पट्टी कपिलनंच कापली. वरचा डबा काढला, उघडला. नद्या निळ्या होत्या. बैल मोजके, पुठ्ठ्याचे, पण एकेकाच्या शिंगाला लाल गोंडा. इंद्रजीत खोक्याला पाठ टेकवून खाली बसला. कपिल त्याच्या शेजारी बसला. धनीबाईनं इंद्रजीतच्या केसांतून हात फिरवला आणि ती म्हणाली, “झालं न बेटा? आता जेव काहीतरी.”

माझ्या धाकट्या भावंडांचे डबे कुठेकुठे गेले. यवतमाळ, घाटंजी, नागपूर, आणि मला नावंही ठाऊक नाहीत अशा गावांना. मला कुणी पाठवलं नाही. इंद्रजीत मला काचेत मढवून दुकानात लावणार होता, पण धनीबाईनं ते होऊ दिलं नाही. मी आता तिच्याकडे तांड्यावर असतो, धान्याच्या कणगीमागे, भिंतीला टेकून. नवा पट फार गुळगुळीत आहे, त्याच्यावर हात घसरतो, असं तिचं म्हणणं. विमलताई महागावला शेत बघायला निघाली की वाटेत उतरते, आणि मग मला बाहेर काढतात.

वाचकहो, तुमच्यापुढेही कुणी आपला अर्धामुर्धा खेळ घेऊन येईल. पैसे द्यायचे की नाहीत, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं मागणं एवढंच, की आधी त्याच्यासोबत जमिनीवर बसा, दोन डाव खेळा, आणि नाही म्हणायचं असेल तर ते त्याच्या तोंडावर, त्याच्याकडे बघून म्हणा. मला नाकारलं गेलं म्हणून मी नीट झालो. तेव्हा कपिलवर रागावलो होतो. तो राग कधीच निवळला.

आज विमलताई आली आहे. अंगणात, कडुनिंबाच्या सावलीत मला पसरलंय. धनीबाई पाण्याची टिकली सोडायला तयार नाही आणि विमलताई तिला खुशाल शिव्या देते आहे. किती दिवस माझ्यावर वाकलेलं प्रत्येक माणूस मला जोखत होतं, मी चालेन की नाही ते ठरवत होतं. आता कुणाला काही ठरवायचं नाही. दोघी नुसत्या खेळताहेत.